काशीची वाट: जवळची कोणती आणि बरी कोणती?



काशीतल्या मराठी घाटांवर आपण बोललो, त्यानंतर एकच प्रश्न अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला. ‘आम्ही गाडीनं काशीला जायचं म्हणतोय, कुठल्या रस्त्यानं जावं?’ त्यातली काही कुटुंबं तर कॅराव्हॅन घेऊन निघणार आहेत. कॅराव्हॅन म्हणजे झोपायची, चहापाण्याची, संडासाची सोय आतच असलेली मोठी गाडी. घरात वडीलधारी माणसं आहेत, रेल्वेच्या वरच्या बर्थवर चढणं होत नाही, विमानतळावरची लांबलचक चाल सोसत नाही, म्हणून हा विचार.

आता मी काही गाड्यांची जाणकार नाही. माझा विषय इतिहास. पण हा प्रश्न इतिहासाचाच आहे. महाराष्ट्रातून काशीला जायचं म्हटल्यावर ‘कोणत्या वाटेनं?’ हा प्रश्न आपली माणसं किमान चार-पाचशे वर्षं विचारत आली आहेत. मधली सुमारे दीडशे वर्षं तो कुणाला पडत नव्हता, कारण रेल्वेनं त्याचं उत्तर एकदाच देऊन टाकलं होतं. तिकीट काढायचं, बसायचं आणि उतरायचं. स्वतःची गाडी घेऊन निघणाऱ्यापुढे तो प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे. म्हणून आज जुन्या लोकांनी तो कसा सोडवला ते बघू, आणि मग नकाशा उघडू.

काशी आपल्याला इतकी जवळची का?

पैठणचं भट्ट घराणं सोळाव्या शतकात काशीला जाऊन स्थायिक झालं. त्या घराण्यातल्या नारायणभट्टांनी ‘त्रिस्थळीसेतु’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्रिस्थळी म्हणजे प्रयाग, काशी आणि गया. तिथे गेल्यावर काय करायचं, कोणत्या क्रमानं करायचं, याचा तो शास्त्रग्रंथ. याच घराण्यातले गागाभट्ट १६७४ मध्ये उलट्या दिशेनं, काशीकडून रायगडाकडे, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी आले. पैठणच्याच एकनाथांनी आपलं ‘एकनाथी भागवत’ १५७३ मध्ये पूर्ण केलं ते काशीत. गंगेची कावड रामेश्वराला नेत असताना नाथांनी ती तहानलेल्या गाढवाला पाजली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे. त्या गोष्टीत एक रस्ता गृहीत धरलेला आहे, तो काशी ते रामेश्वर. हा रस्ता लक्षात ठेवा, पुढे तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

म्हणजे माणसं जात होती, येत होती. प्रश्न होता तो वाटेचा. आणि तेव्हाच्या वाटेवर विंध्य-सातपुड्याचे घाट होते, नर्मदा होती, चार महिन्यांचा पाऊस होता. प्रत्येक पन्नास-शंभर कोसांवर राज्य बदलायचं, ते वेगळंच.

तुमच्यापैकी काहींच्या मनात आग्र्याची गोष्ट आली असेल. १७ ऑगस्ट १६६६ रोजी महाराज आग्र्याहून निसटले. बखरींच्या परंपरेप्रमाणे ते मथुरेवरून काशीकडे वळले आणि लांबच्या वाटेनं परतले. काही इतिहासकारांना हे पटत नाही. इतक्या दिवसांत इतकं अंतर बसत नाही, म्हणून ते माळव्यातून जवळच्या वाटेनं आले असावेत, असं ते मांडतात. या वादात मी आज शिरणार नाही. पण दोन्ही बाजू कशावर वाद घालतात ते बघा. दिवस किती, कोस किती, आणि पाठलाग करणारा कोणत्या वाटेवर वाट बघत असेल. वाट निवडण्याचं गणित असं असतं.

राधाबाईंची यात्रा

आता अशी एक यात्रा बघू, जिच्याबद्दल कागद बोलतात. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई फेब्रुवारी १७३५ मध्ये पुण्याहून काशीयात्रेला निघाल्या.

पुण्याहून काशी ईशान्येला आहे. सरळ जायचं तर नागपूर-जबलपूरच्या अंगानं जायला हवं. राधाबाई गेल्या कुठून? बऱ्हाणपूरवरून नर्मदा ओलांडून त्या वायव्येला वळल्या आणि मे महिन्यात उदयपूरला पोचल्या. तिथे महाराणा जगतसिंहांनी त्यांचा सन्मान केला. मग नाथद्वारा, मग जयपूर. पावसाळा त्यांनी जयपूरला सवाई जयसिंहांच्या पाहुणचारात काढला. पुढे मथुरा, वृंदावन, प्रयाग करत ऑक्टोबरमध्ये त्या काशीला पोचल्या. गया करून परतल्या त्या बुंदेलखंडातून, आणि १७३६ च्या उन्हाळ्यात पुण्यात आल्या. सव्वा वर्षाचा प्रवास.

आजच्या रस्त्यांनी मोजलं तर जातानाची ही वाट बावीसशे किलोमीटरच्या आसपास भरते. सरळ वाट चौदा-पंधराशेची. म्हणजे पेशव्यांच्या आईनं जवळपास दीडपट लांबची वाट धरली. का?

कारण काशी, प्रयाग, गया ही तिन्ही ठिकाणं मराठ्यांच्या ताब्यात नव्हती. वाट मुघल सुभ्यांतून जात होती, आणि मुलगा त्याच मुघल सत्तेशी झुंजत होता. अशा वेळी आईला कुठून न्यायचं? जिथे रात्री उतरल्यावर यजमान दाराशी येईल तिथून. उदयपूर आणि जयपूर या दरबारांशी बाजीरावांना संबंध जोडायचे होते. जयसिंहांचं बादशहाच्या दरबारात वजन होतं, त्यामुळे त्यांचा पाहुणा म्हणजे पुढच्या मुलखातही सुरक्षित पाहुणा. परतीला बुंदेलखंड का, तर १७२९ मध्ये बाजीरावांनी छत्रसालाला बंगशाच्या वेढ्यातून सोडवलं होतं आणि छत्रसालानं आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा त्यांना देऊ केला होता. तो मुलूख आता घरचा होता.

या यात्रेचा राजकीय उपयोगही झाला. १७३६ मध्ये बाजीराव स्वतः राजपुतान्यात गेले आणि जयसिंहांना भेटले. आईच्या यात्रेनं ती जमीन आधीच तयार केली होती, असं इतिहासकार म्हणतात. पण मला यातली साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. राधाबाईंची वाट मुक्कामांवरून ठरली. आधी मुक्काम कुठे सुरक्षित आहेत ते पाहिलं, मग ते मुक्काम जोडणारी रेघ म्हणजे रस्ता.

पुढे अहिल्याबाईंनी काशी विश्वेश्वराचं मंदिर बांधलं, ते १७८० मध्ये पूर्ण झालं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांनी देशभर विहिरी, बारवा, धर्मशाळा, अन्नछत्रं उभी केली, तीही याच विचाराची होती. वाटसरूला पाणी आणि रात्रीचं छप्पर मिळालं की वाट आपोआप चालती राहते.

विष्णुभटांची वाट बातमीनं वळली

राधाबाईंच्या मागे पेशवाई होती. साध्या माणसाचं काय? त्यासाठी विष्णुभट गोडसे. पेण जवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरात कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळणार, हे कळल्यावर ते १८५७ मध्ये काका रामभटांबरोबर निघाले. महूच्या आसपास त्यांना शिपायांच्या बंडाची बातमी लागली. आणि मग ठरवलेली वाट उरलीच नाही.

ते ग्वाल्हेरला गेले, झाशीला गेले, इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा शहरात अडकले. कमावलेलं लुटलं गेलं. काल्पी, चित्रकूट, ब्रह्मावर्त, अयोध्या अशी वळणं घेत अखेर काशी पाहिली आणि आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनी हा वृत्तान्त लिहिला. चिं. वि. वैद्यांनी तो १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ म्हणून छापला.

हे पुस्तक सत्तावन्नचा साक्षीदार म्हणून वाचलं जातं, ते योग्यच आहे. एकदा प्रवासी म्हणूनही वाचून बघा. विष्णुभटांकडे नकाशा नव्हता. त्यांच्याकडे होती ती समोरून येणाऱ्या माणसाची बातमी. पुढचं गाव शांत आहे का, नदीला उतार आहे का, तिथे कोणी दक्षिणी माणूस आहे का. ‘दक्षिणी’ हा शब्द मोलाचा. इंदूर, ग्वाल्हेर, झाशी, ब्रह्मावर्त, काशी या सगळ्या ठिकाणी मराठी बोलणाऱ्यांची वस्ती होती. त्या साखळीच्या आधारानं हा माणूस इतक्या धामधुमीतून जिवंत परत आला.

मिर्झापूरचा रस्ता

आता सरळ वाटेकडे येऊ. नागपूर, शिवनी, जबलपूर, मैहर, रीवा, मिर्झापूर, काशी. ही वाट भाविकांइतकीच कापसाची होती. वऱ्हाड-नागपूरचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून बंजाऱ्यांचे तांडे मिर्झापूरला न्यायचे. तिथून तो गंगेतून नावांनी कलकत्त्याकडे जायचा. मिर्झापूर त्या काळात कापसाची मोठी पेठ होती.

१८१८ नंतर हा मुलूख इंग्रजांकडे गेल्यावर त्यांनी जबलपूर ते मिर्झापूर रस्ता बांधून काढला. याच पट्ट्यातल्या ठगांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. ठग वाटसरूंशी ओळख करून घ्यायचे, दोन-तीन मुक्काम सोबत करायचे, आणि मग रुमालानं गळा आवळायचे. जबलपूरचा अधिकारी विल्यम स्लीमन यानं १८३० च्या दशकात त्यांचा बंदोबस्त केला. इंग्रजी नोंदींत अतिशयोक्ती किती आहे, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण वाटसरूच्या मनात भीती होती, आणि ती रस्त्यापेक्षा सोबतीची होती. रात्री शेजारी कोण झोपलं आहे, याची. जबलपूरहून कटनीला जाताना स्लीमनाबाद नावाचं गाव लागतं, ते याच स्लीमनच्या नावाचं.

यात्रेकरूला आणखी एक भार होता, कर. प्रयाग, गया अशा तीर्थांवर यात्रेकरूंकडून कर घेतला जायचा. आधीच्या सत्तांनी घेतला, कंपनीनंही घेतला. १८४० च्या कायद्यानं तो बंद झाला.

आणि मग रेल्वे आली. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग जबलपूरला जोडले गेले. मुंबईचा मार्ग खंडवा-इटारसीवरून जबलपूरला आला. नागपूर भुसावळहून निघालेल्या दुसऱ्या फाट्यावर राहिलं. त्यामुळे नागपूर-शिवनी-जबलपूर हा जुना रस्ता मुख्य प्रवाहातून बाजूला पडला. मिर्झापूरची कापूसपेठ बसली. १८८७ मध्ये काशीला राजघाटाजवळ गंगेवर पूल झाला, आज त्याला मालवीय पूल म्हणतात, आणि दक्षिणेकडून येणाऱ्याला गंगा नावेनं ओलांडायची गरज उरली नाही. वर्षभराची यात्रा काही दिवसांवर आली. गोरगरिबांना, म्हाताऱ्या माणसांना काशी दिसली, हे रेल्वेचं पुण्य फार मोठं आहे. पण मधले मुक्काम लोकांच्या लक्षातून गेले. आज मुंबईहून महानगरी एक्सप्रेसनं काशीला जाणाऱ्याला विचारा, नर्मदा कधी ओलांडली? झोपेत.

तो बाजूला पडलेला रस्ता पुढे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ झाला. वाराणसी ते कन्याकुमारी, २,३६९ किलोमीटर, क्रमांक बदलण्यापूर्वी देशातला सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग. वाराणसी, मिर्झापूर, रीवा, जबलपूर, नागपूर, हैदराबाद, बंगळूर, मदुराई. मदुराईला रामेश्वरचा फाटा. म्हणजे काशीहून रामेश्वरापर्यंतची कावडीची दिशाच. २०१० मध्ये महामार्गांचे क्रमांक नव्यानं दिले गेले, तेव्हा या एका रस्त्याचे तुकडे वेगवेगळ्या क्रमांकांत गेले. नागपूर-शिवनी-लखनादोन ४४, लखनादोन ते जबलपूर ३४, जबलपूर ते रीवा ३०, आणि रीव्याजवळच्या मनगवाँहून मिर्झापूरकडे १३५. जुने ट्रकचालक अजूनही ‘सात नंबर’ म्हणतात.

आता नकाशा उघडू

आमच्या घरी हा प्रश्न मागच्या हिवाळ्यात आला. आई एकोणऐंशी वर्षांची. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, गुडघे दुखतात. तिला काशी करायची होती. डॉक्टर म्हणाले, ‘न्या, पण सलग चार-पाच तासांच्या वर बसवू नका.’ दादानं भाड्यानं कॅराव्हॅन ठरवली. मोबाइलवरच्या नकाशानं पुणे ते वाराणसी एकच निळी रेघ दाखवली आणि ‘सत्तावीस तास’ असं काहीतरी सांगितलं. दादा म्हणाला, ‘दोघं आळीपाळीनं चालवू, एक मुक्काम करू, तिसऱ्या दिवशी काशी.’ मी म्हणाले, ‘दादा, राधाबाईंना कोणी असं नेलं नसतं.’ वहिनी हसली, पण कागद-पेन तीच घेऊन आली.

आम्ही तीन वाटा मांडल्या.

पहिली, आग्रा रोडची. धुळे, सेंधवा, इंदूर, शिवपुरी, झाशी, कानपूर, प्रयागराज. हिच्यात विष्णुभटांची बरीच ठिकाणं येतात. खलघाटला नर्मदा, जवळच महेश्वर. शे-दोनशे किलोमीटर जास्त. सेंधव्याकडचा बिजासन घाट अवजड गाडीला उतरायला अवघड, तिथे ब्रेकवर ताण येतो.

दुसरी, बुंदेलखंडाची. इंदूर, भोपाळ, सागर, छतरपूर, चित्रकूट, प्रयागराज. राधाबाईंच्या परतीच्या मुलखातून जाणारी. खजुराहो, चित्रकूट वाटेवर. पण मधले काही टप्पे लांब, आणि रात्री-अपरात्री डॉक्टर लागला तर मोठं गाव दूर.

तिसरी, जुन्या सात नंबरची. पुण्याहून छत्रपती संभाजीनगर, तिथून समृद्धी महामार्गानं नागपूर, मग शिवनी, जबलपूर, मैहर, रीवा, मिर्झापूर. हिच्यावर ठरावीक अंतरानं मोठी इस्पितळं असलेली शहरं आहेत. संभाजीनगर, नागपूर, जबलपूर, रीवा. आमच्यापुरता निर्णय यावर झाला. आईसाठी अंतरापेक्षा दोन इस्पितळांमधलं अंतर महत्त्वाचं होतं.

मग मुक्काम ठरले. संभाजीनगर. कारंजा लाड. शिवनी. जबलपूरला दोन रात्री. मैहर. विंध्याचल. कोणत्याही दिवशी तीन-सव्वातीनशे किलोमीटरच्या वर गाडी न्यायची नाही, आणि अंधार पडल्यावर चालवायची नाही. कारंजा का, तर गुरुचरित्रातले नृसिंह सरस्वती कारंज्याचे, आणि परंपरेप्रमाणे त्यांनी संन्यास घेतला तो काशीत. आई म्हणाली, ‘म्हणजे ते पण इथूनच निघाले होते!’ त्या दिवसापासून तिच्या लेखी आमचा प्रवास सुरू झाला, पुण्याहून नव्हे.

तिची एकच अट होती. नर्मदा ओलांडताना गाडी थांबली पाहिजे. नागपूरकडून जबलपूरला शिरताना तिलवारा घाटाजवळ नर्मदेवर पूल आहे. दादानं गाडी अलीकडे बाजूला लावली. आईला पायऱ्या उतरवणार नव्हतं, वहिनीनं तांब्यात पाणी आणलं. रेल्वेनं तीनदा हा मुलूख ओलांडलेल्या माझ्या आईनं नर्मदा जागेपणी पहिल्यांदा पाहिली.

निघणाऱ्यांसाठी काही गोष्टी

आता तुमच्यासाठी, इतिहासातून आणि रस्त्यावरून जमलेलं थोडं.

महिना आधी ठरवा, रस्ता नंतर. जुनी माणसं दसरा-दिवाळी झाल्यावर निघत, कारण नद्या उतरलेल्या असत. आज पूल आहेत, पण डिसेंबर-जानेवारीत रीव्याच्या पुढे गंगेच्या मैदानात दाट धुकं पडतं. मे-जूनमध्ये याच पट्ट्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याची गाडी भट्टी होते. नोव्हेंबर, किंवा फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा बरा.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून नागपूर ते मुंबईजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. मुंबईकरांना आता कसारा घाटाऐवजी पावणेआठ किलोमीटरचा बोगदा आहे. रस्ता सरळ आहे, म्हणूनच डोळा लागतो. अवजड गाडीला वेगमर्यादेपर्यंत पोचायची गरज नाही. दर दोन तासांनी थांबा, टायरची हवा निघण्यापूर्वी तपासा. नागपूर-शिवनी टप्पा पेंचच्या जंगलातून जातो. तिथे रस्ता उंच बांधून वन्य प्राण्यांना खालून जायला वाट ठेवली आहे. तो टप्पा दिवसा करा, तुमच्यासाठी आणि त्यांच्यासाठीही.

रीव्याहून पुढे दोन फाटे. एक सोहागी घाट उतरून प्रयागराजला, दुसरा हनुमना, ड्रमंडगंज घाटावरून मिर्झापूरला. दोन्ही घाट उताराचे, दोन्हींवर ट्रकांची रांग. प्रयाग आधी करायचं असेल तर पहिला. प्रयागराजहून वाराणसीचा हंडिया ते राजातालाब हा टप्पा २०२० मध्ये सहापदरी झाला आहे. विंध्यवासिनीचं दर्शन घ्यायचं असेल तर दुसरा. आम्ही मिर्झापूरला पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते आणि काशी साठ-पासष्ट किलोमीटरवर होती. दादाला पुढे जायचं होतं. पण शेवटच्या टप्प्याची घाई करायची नाही, हे घरीच ठरलं होतं. विंध्याचलला राहिलो. सकाळी गंगेवर धुकं होतं, ते विरल्यावर नऊ वाजता निघालो.

यात्रेकर १८४० ला गेला, पण टोल आहे. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे, त्यात पैसे भरून ठेवा. भाड्याची कॅराव्हॅन असेल तर तिच्याकडे अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का, हे ठरवतानाच विचारा. राज्याच्या सीमेवर हा प्रश्न येतो, आणि तिथे ‘मालकाला विचारतो’ हे उत्तर चालत नाही.

तुम्ही इंदूर-भोपाळचे असाल तर बुंदेलखंडाची वाट तुम्हाला स्वाभाविक आहे. हैदराबाद, आदिलाबाद, नांदेडकडच्यांनी नागपूरला येऊन जुना सात नंबर धरावा. बडोद्याच्या मंडळींना उदयपूर-जयपूर-मथुरा असा राधाबाईंचा मार्ग फार वाकडा पडणार नाही, वेळ असेल तर जरूर करा. बेळगाव, कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी एक-दोन मुक्काम जास्त धरावेत, अंतर कमी करू नये.

आणि काशी. तिथे तुमची गाडी, ती कितीही मोठी असो, बाहेरच राहणार. गोदौलिया आणि मैदागिनच्या पुढच्या गल्ल्यांत कॅराव्हॅन जाण्याचा प्रश्नच नाही. रिंग रोडच्या बाजूला राखण असलेली जागा आधी ठरवून ठेवा. तिथून ई-रिक्षा, आणि शेवटी पायी. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी व्हीलचेअर बरोबर घ्या, आणि घाटावर पोचायला नावेचाही विचार करा. आईला आम्ही नावेतून दाखवले ते अहिल्याबाई घाट, शिंदे घाट, भोसले घाट, पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट. त्या घाटांच्या वरच्या गल्ल्यांत मराठी घरं अजून आहेत. नावाडी प्रत्येक घाटाचं नाव सांगत होता आणि आई प्रत्येक नावाला ‘हो, हो’ म्हणत होती, माहेरची माणसं ओळखावीत तशी.

मुद्दा एवढाच आहे. मोबाइलवरचा नकाशा तुम्हाला सर्वांत कमी वेळाची वाट सांगतो, आणि ते काम तो चांगलं करतो. पण गाडीत कोण बसलं आहे, हे त्याला ठाऊक नसतं. ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून आधी कागदावर मुक्काम लिहा. कुठे झोपणार, कुठे डॉक्टर आहे, कुठे ओळखीचं माणूस आहे, कुठे थांबावंसं वाटेल. मग ते मुक्काम नकाशात एकेक करून भरा. त्यातून निघेल ती रेघ तुमची वाट. ती शंभर किलोमीटरनं लांब निघाली तरी घाबरू नका. राधाबाईंची सात-आठशे किलोमीटरनं लांब होती.

पुढच्या भागात आपण गयेला जाऊ, आणि तिथल्या पंड्यांच्या वह्यांबद्दल बोलू. तुमच्या पणजोबांची सही त्यांच्यापैकी एखाद्या वहीत असू शकते. निघण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आपलं मूळ गाव आणि चार पिढ्यांची नावं लिहून घ्या, तिथे उपयोगी पडतील.

तोवर, प्रवास सुखाचा होवो.